कुलूप, कात्री आणि पाटी

कलाकृती लोकांसमोर येते तेव्हा कायद्याला तिच्याबद्दल दोन प्रश्न पडतात. ही कोणाची, हा पहिला. हिच्यामुळे पाहणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे काही नुकसान तर होणार नाही ना, हा दुसरा. भारतात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः एकाच कायद्यात सापडते. तो म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला. दुसऱ्याचे उत्तर मात्र चित्रपट, केबल, माहिती तंत्रज्ञान, ग्राहक संरक्षण, बालसंरक्षण, तंबाखू नियंत्रण अशा अनेक कायद्यांत विखुरलेले आहे. लेखक-कलावंतांना राखणारा कायदा नेटका, पण वापर कमी. प्रेक्षकांना राखणारे कायदे उदंड, पण त्यांचा गाजावाजा होतो तो बहुधा नको त्या जागी.

कॉपीराइट मिळवण्यासाठी काहीच करावे लागत नाही, हे अनेक लेखकांनाही ठाऊक नसते. कविता कागदावर उतरली, चाल ध्वनिमुद्रित झाली, की हक्क आपोआप जन्माला येतो. सरकारदरबारी नोंदणी करता येते आणि वाद झाल्यास ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’ छापले नाही म्हणून हक्क बुडत नाही.

हक्क मिळतो तो मांडणीवर, कल्पनेवर नाही. या फरकावरचा भारतातला मुख्य निवाडा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक प्रांतवादावर होते. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतली मुले एकमेकांच्या प्रेमात पडतात, हा त्याचा गाभा. १९५६ मध्ये ‘न्यू देल्ही’ हा चित्रपट आला आणि आपलेच नाटक चोरले असे आनंद यांना वाटले. न्यायालयाने दोन्हींची तुलना केली आणि दावा फेटाळला. विषय, कथाबीज, ऐतिहासिक घटना यांवर कोणाची मालकी नसते. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला ‘ही त्याचीच नक्कल’ असे निःशंक वाटले, तरच चोरी. एकाच कथाबीजावर दोन चित्रपट निघाले की ‘माझी गोष्ट पळवली’ अशी ओरड होते. त्यातल्या बऱ्याच तक्रारी या कसोटीवर टिकणाऱ्या नसतात.

हक्काला मुदत असते. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढची ६० वर्षे तो टिकतो. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यामुळे १९९१ अखेर त्यांचे साहित्य सर्वांना खुले होणार होते. ते विश्वभारतीकडे आणखी काही काळ राहावे म्हणून १९९१ च्या शेवटी अध्यादेश आला, पुढच्या वर्षी कायदा बदलला, आणि एका कवीसाठी साऱ्या देशातल्या लेखकांच्या वारसांना १० वर्षे जास्तीची मिळाली. मराठीत हिशेब करायचा तर साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून कोणालाही छापता येते. ‘श्यामची आई’च्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या दुकानांत दिसतात त्या यामुळेच. आचार्य अत्र्यांचे लेखन २०२९ अखेर, कुसुमाग्रजांचे २०५९ अखेर आणि पु. ल. देशपांडे यांचे २०६० अखेर हक्काखाली आहे. वाढदिवसाच्या पत्रिकेवर कुसुमाग्रजांची कविता छापणाऱ्या माणसावर कोणी खटला भरत नाही. तीच कविता छापून कप विकले तर ती गोष्ट वेगळी.

चित्रपटाच्या बाबतीत मालकीचे गणित अनेकांना चमत्कारिक वाटते. कायद्याच्या लेखी चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. गीतकार आणि संगीतकार यांची अवस्था तर कितीतरी वर्षे याहून वाईट होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गाणे करून घेतले असेल आणि करारात वेगळे काही नसेल, तर त्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संगीतकार आणि गायकांची दखल संसदेने घ्यावी असे सुचवले होते. संसदेला त्यासाठी ३५ वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर आग्रह धरला होता, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा करार करूनही सोडून देता येणार नाही असे ठरले. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारे गाणे याला अपवाद आहे. रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाइल अशा बाकी ठिकाणी गाणे वाजले की त्यांचा हिस्सा लागू होतो.

पैशांपलीकडचा एक हक्कही कायद्याने लेखकाला दिला आहे. कृती विकून टाकली तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि तिची मोडतोड करून आपली प्रतिष्ठा घालवू न देण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्याचे तुकडे गोदामात गेले. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, मालकीबद्दल वाद नव्हता. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेले अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. जुन्या नाट्यगृहांची डागडुजी करताना भिंतीवरच्या चित्रांवर सर्रास डिस्टेंपर मारणाऱ्या पालिकांनी हा निकाल एकदा तरी वाचायला हवा.

कुलूप असले तरी त्याला किल्ल्याही आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, बातमी देण्यासाठी मजकुराचा रास्त वापर चालतो. किती वापर रास्त, याचे माप कायद्यात नाही. ‘३० सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते’ ही समजूत सर्वदूर पसरली आहे, पण तसे कलम भारतीय कायद्यात शोधूनही सापडत नाही. ‘श्रेय मूळ कलाकाराला’ असे खाली लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही. उलट शिक्षणासाठी कायदा बराच उदार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी खटला भरला तेव्हा, अभ्यासक्रमाला लागणारी पाने एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देणे हा कायद्यातल्या सवलतीचाच भाग आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. दृष्टिहीनांसाठी ब्रेल किंवा ध्वनिरूपात पुस्तक करायलाही हक्कदाराची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांआधी भारतानेच मंजूर केला.

लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांबद्दल कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. धार्मिक समारंभात आणि सरकारी कार्यक्रमात गाणे वाजवणे हा हक्कभंग नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे धरले जातील, असे कलमात स्पष्ट लिहिले आहे. वाद होतो तो शेवटच्या शब्दांवर. आलिशान हॉटेलात तीन दिवस चालणारा ‘संगीत’चा कार्यक्रम लग्नाचा भाग की तिकीट नसलेली मैफल? गोवा सरकारने २०२४ च्या जानेवारीत परिपत्रक काढून हॉटेले आणि कंपन्या लग्नात गाण्यांसाठी पैशांचा आग्रह धरू शकत नाहीत असे जाहीर केले. ध्वनिमुद्रणाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेल्या आणि त्याच वर्षी ते परिपत्रक रद्द झाले. कलमात नाही ते परिपत्रकाने जोडता येत नाही, असा निकालाचा अर्थ. मूळ कलम जागेवर आहेच. म्हणजे वरातीतला बँड सुरक्षित आहे. डीजेच्या आवाजाची मर्यादा हा आणखी वेगळा कायदा, त्याची सूट कॉपीराइट देत नाही.

हक्कभंगाची शिक्षा कागदावर तरी कडक आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२३ मध्ये चित्रपट कायद्यात भर पडली. चित्रपटगृहात बसून पडद्यावरचा चित्रपट चोरून चित्रित करणे किंवा अशी प्रत दाखवणे याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. महाराष्ट्र त्याच्याही पुढे गेलेला आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना विनाखटला स्थानबद्ध करण्यासाठीच्या १९८१ च्या राज्य कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ हा शब्द घालण्यात आला. सीडी विकणाऱ्याला हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसवणारी ही तरतूद जरा अतिच आहे. मराठी साहित्याचे खरे नुकसान मात्र ज्या गोष्टीने होते, म्हणजे नव्या कादंबऱ्यांच्या आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवरून फिरवणे, तिच्याकडे पोलीस तर नाहीच, वाचकही गुन्हा म्हणून पाहत नाही. ‘वाचनसंस्कृती वाढावी म्हणून’ पाठवणाऱ्यालाही कायद्यात सूट नाही.

मधल्या दुव्याची, म्हणजे ज्यावर मजकूर चढवला जातो त्या व्यासपीठाची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ ठरवते. लोकांनी काय टाकले याबद्दल व्यासपीठ आधीपासून दोषी नसते. कळल्यावर त्याने काय केले, हे पाहिले जाते. ‘कळणे’ म्हणजे काय, हे २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात ठरले. कोणीही तक्रार केली म्हणून मजकूर काढायचा नाही, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना हवी. कॉपीराइटसाठी वेगळी पद्धत आहे. हक्कदाराने लेखी तक्रार दिली की ३६ तासांत प्रत अडवायची, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. छोट्या प्रकाशकालाही हे परवडणारे आहे.

आता दुसरा प्रश्न, प्रेक्षकाच्या रक्षणाचा. आपल्याकडे त्याची सुरुवात प्रेक्षकापासून नव्हे, सरकारपासून झाली. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी आणला तो राजवटीवर टीका करणारी नाटके थोपवण्यासाठी. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रात व्यावसायिक नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर १९७२ मध्ये मंडळाने आक्षेप घेतले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, ती सगळी झुंज त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. कादंबरीला अशी पूर्वपरवानगी लागत नाही, वर्तमानपत्राला लागत नाही, वेबमालिकेलाही लागत नाही, नाटकाला लागते. याचे पटेल असे कारण देणे कठीण आहे.

चित्रपटाला ती का लागावी, याचे कारण सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबईसह चार शहरांवर केलेल्या अनुबोधपटातली वेश्यावस्तीची दृश्ये कापायला सांगितल्यावर त्यांनी सेन्सॉरशिपलाच आव्हान दिले होते. हलते चित्र आणि आवाज एकत्र आल्याने चित्रपटाचा परिणाम इतर माध्यमांपेक्षा तीव्र असतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक चालेल, असे न्यायालय म्हणाले. १९८३ मध्ये चित्रपट तपासणाऱ्या मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले आणि मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या चित्रपटांसाठी ‘यूए’ हा वर्ग सुरू झाला. पाटी बदलली तरी कात्री राहिली.

ही कात्री कोणत्या प्रेक्षकासाठी चालवायची, याचे उत्तर नागपूरहून आले आहे. १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्याच्या मापाने नाही. १९८८ मध्ये फाळणीवरची ‘तमस’ मालिका थांबवण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरताना बोस यांचीच कसोटी वापरली. पुढच्याच वर्षी एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक दार बंद केले. प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट निदर्शनांच्या आणि दंग्याच्या धमकीमुळे थांबवणे म्हणजे कायद्याच्या राज्याने हात टेकणे होय. धमकी देणाऱ्याला आवरणे हे सरकारचे काम. चित्रपटगृहाच्या काचा फुटल्या की पोलीस आजही आधी चित्रपटगृहाच्या मालकाला खेळ रद्द करायला सांगतात.

कात्रीपेक्षा पाटी बरी, हे कायद्यालाही हळूहळू पटू लागले आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. मूल सात वर्षांचे आहे की पंधरा, याने खूप फरक पडतो, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला ४० वर्षे लागली. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनी वयाचे असेच पाच वर्ग आणले. १३ वर्षांवरील मजकुराला पालकांच्या हाती कुलूप आणि प्रौढांच्या मजकुराला वयाची खात्री अशी अट घातली. घरात मोबाइल आणि खाते दोन्ही आई-वडिलांच्या नावावर असल्याने ही खात्री बहुतेक वेळा नावापुरतीच होते. याच नियमांतल्या, बातमी देणाऱ्या संकेतस्थळांवर आचारसंहिता लादणाऱ्या भागाला पत्रकार निखिल वागळे आणि एका ऑनलाइन नियतकालिकाने आव्हान दिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्या भागाला स्थगिती दिली. सिगारेटचा इशारा मात्र ओटीटीलाही चुकलेला नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून तंबाखूचे दृश्य असलेल्या कार्यक्रमात तो दाखवावाच लागतो.

चर्चा होते ती चुंबनाची आणि शिवीची. प्रेक्षकाचे प्रत्यक्ष नुकसान होते ते बहुतेक वेळा जाहिरातीने, आणि तिथे कायद्याला खरे दात आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तिची भलावण करणाऱ्या नामवंतालाही १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नामवंताला एक वर्षापर्यंत, पुन्हा तेच केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिरात करण्याची बंदी घालता येते. उत्पादनाची पुरेशी शहानिशा केली होती हे दाखवता आले तरच त्याची सुटका. इन्स्टाग्राम-यूट्यूबवर वस्तूंची स्तुती करणाऱ्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर तसे ठळक सांगायचे, आणि ज्या भाषेत स्तुती त्याच भाषेत. म्हणजे गुडघेदुखीच्या तेलाचे गुणगान मराठीत चालले असेल तर ‘जाहिरात’ हा शब्दही मराठीतच दिसायला हवा. वर्णनाच्या तळाशी दडवलेला इंग्रजी हॅशटॅग पुरेसा नाही.

काही ठिकाणी मात्र कायदा माप काढत बसत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव, छायाचित्र, शाळा, कुटुंब, वस्ती, असे ओळख पटवणारे काहीही छापणे पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. किमान सहा महिने कैद. प्रौढ पीडितेची ओळख उघड केल्यास भारतीय न्याय संहितेखाली दोन वर्षांपर्यंत. पीडिता हयात नसली तरी नाव उघड करायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले आहे. ‘श्रद्धांजली’च्या संदेशात नाव-फोटो टाकून तो शंभर जणांना पाठवणारा हळहळीतून तसे करतो, पण कायदा हळहळ पाहत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत नुसती साठवणे, पाहणे हाही गुन्हा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने निःसंदिग्ध झाले.

तक्रार करायची तर आधी पुरावा जपावा. स्क्रीनशॉट, दुवा, तारीख आणि वेळ टिपून ठेवावी, कारण मजकूर काढला गेला की मागे काही उरत नाही. व्यासपीठाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याचे नाव-पत्ता जाहीर करणे व्यासपीठावर बंधनकारक आहे. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते, त्यासाठी वकील लागत नाही. फसव्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५, सायबर फसवणुकीसाठी १९३०, आणि मुलांसंबंधी काहीही असेल तर १०९८.